बालाघाटाच्या मुरमासाठी रुंद बैठकीचं क्लिपलेस पेडल कोणतं घ्यावं?

मुरूमवाट_बीड (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) आहे, सध्या शिमानोचं पीडी-एम५२० हे छोटं क्लिपलेस पेडल लावलेलं आहे. बूट मऊ सोलचे, ट्रेल प्रकारचे, ९ नंबर, पाऊल रुंद. वाटा म्हणजे मांजरसुंबा, कपिलधारकडचा मुरूम, सुटे दगड, मध्येच पांदण रस्ते. पावसाळ्यात काळी माती आलीच.

अडचणी दोन. दोन तासांनंतर चवड्याखाली एकाच जागी आग व्हायलीय, नंतर बोटांना मुंग्या येतात. आणि दगडातून चढ सुरू करताना क्लीट (बुटाच्या तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा) बसली नाही तर पाय त्या छोट्या पेडलवरून सटकतो. म्हणून भोवती प्लॅटफॉर्म असलेलं पेडल घ्यायचा विचार आहे. डोळ्यांसमोर तीन आहेत: शिमानो एक्सटी पीडी-एम८१२०, क्रँकब्रदर्सचं मॅलेट ई, आणि एका बाजूला सपाट असलेलं पीडी-ईएच५००. यातलं कोणतं आणि का, ते नीट सांगा की. नुसतं "हे भारी आहे" नको, कारणासकट पाहिजे.

लेणीरोड_२९

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा, नाहीतर पैसे जातील आणि आग तशीच राहील. पेडलभोवती प्लॅटफॉर्म दिसतो म्हणजे तो पायाला आधार देतोच असं नाही. बुटाचा सोल प्लॅटफॉर्मला खरोखर टेकला तरच आधार. क्लीट पेडलमध्ये बसल्यावर सोल आणि पेडल यांत दोन मिलिमीटर फट राहिली, तर भोवतालची चौकट केवढीही मोठी असो, सगळा भार क्लीटएवढ्या लोखंडावरच येतो. मऊ सोलमधून तो थेट चवड्याला लागतो. तुमची आग बहुतेक तिथलीच आहे.

ते तपासायला कागद पुरतो. सायकल भिंतीला टेकवून बसा आणि एक बूट क्लिप करा. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या सोल आणि पेडल यांच्यामध्ये चार ठिकाणी सरकवा: आत, बाहेर, पुढे, मागे. पेडलवर साधारण वजन ठेवा आणि दुसऱ्याला पट्टी ओढायला सांगा. पट्टी थोडी अडत बाहेर आली तर बसणी बरोबर. अलगद निघाली तर फट आहे. पट्टी हलतच नाही आणि क्लिप करायला पाय आपटावा लागतो, तर सोलचे गट्टे (खालचे रबरी उंचवटे) जास्त उंच आहेत. मग पाय फिरवून सोडवतानाही त्रास होणार, आणि चढावर तोल जाताना तो त्रास महागात पडतो.

फट असेल तर क्लीटखाली स्पेसर (पातळ पट्टी) आहे का बघा. बऱ्याच वेळा बुटाबरोबर आलेला १ मिमीचा स्पेसर कारण नसताना लावलेला असतो. तो काढला की क्लीट सोलमध्ये खोल जाते आणि सोल पेडलच्या जवळ येतो. गट्टे जास्त उंच असतील तर उलट करायचं: १ मिमी स्पेसर घालायचा, किंवा क्लीटच्या दोन्ही बाजूंचे गट्टे धारदार कटरने थोडे थोडे छाटायचे. एका वेळी अर्धा मिमी छाटा, बसवून बघा, मग पुढे. छाटलेलं रबर परत लागत नाही.

आता पेडल. एम५२० जोडी सुमारे ३८० ग्रॅम, एम८१२० सुमारे ४३८. वाढलेल्या वजनात क्लीट पकडणाऱ्या यंत्रणेच्या दोन्ही बाजूंना रुंद झालेली बैठक आणि पुढे-मागे चौकट मिळते. पण हे लक्षात घ्या की एम८१२० मध्ये खरा आधार त्या दोन बाजूंच्या बैठकीवर मिळतो. पुढची-मागची चौकट बहुतेक बुटांना क्लिप केलेलं असताना टेकत नाही. ती कुंपणासारखी आहे: दगड लागला तर यंत्रणा वाचवते, आणि क्लीट बसलेली नसताना पाय ठेवायला जागा देते. तुमच्या दुसऱ्या अडचणीवर ती चौकट हाच उपाय.

मॅलेट ई ची बैठक याहून मोठी, त्यावर पिना कमी-जास्त करता येतात, आणि यंत्रणेच्या बाजूला बदलता येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, १ आणि २ मिमीच्या. म्हणजे बूट आणि पेडल यांच्यातली फट पेडलच्या बाजूनेही भरता येते. मऊ सोलसाठी हा मोठाच फायदा. पण पिना वर काढून ठेवल्या आणि सोलचं रबर चिकट असलं, तर पिना रबरात रुततात आणि टाच बाहेर फिरवताना पाय अडकतो. पिना आधी पूर्ण आत ठेवून सुरुवात करा, मग एकेक फेरा वर.

रुंद पाऊल असेल तर एक्सलची (पेडल क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) लांबीही बघा. एम८१२० ची ५५ मिमी. मॅलेट ई ५२ आणि ५७ अशा दोन लांबींत मिळतं. बुटाची आतली कड क्रँकला घासत असेल तर लांब एक्सल घ्या. मात्र पेडल जितकं बाहेर गेलं तितकं दगडाला लवकर लागतं, हे विसरू नका.

काळीमाती_परभणी

वरचं सगळं बरोबर. मी चिखलाचं सांगते, कारण मराठवाड्यात पेडल निवडताना तोच प्रश्न शेवटी उरतो.

क्रँकब्रदर्सची यंत्रणा चारही बाजूंनी उघडी. चिखल आरपार निघून जातो आणि चारही बाजूंनी पाय घालता येतो. एसपीडीत, म्हणजे शिमानोच्या यंत्रणेत, क्लीट पकडणारा पुढचा पंजा स्थिर आणि मागचा स्प्रिंगवर. बोटांकडची कड आधी पुढे सरकवायची आणि मग दाबायचं. मागच्या पंजाखाली माती भरली तर तो पुरेसा मागे सरकत नाही आणि "टक" असा आवाजच येत नाही. म्हणून चिखलासाठी क्रँकब्रदर्स असं सगळीकडे सांगतात, आणि सह्याद्रीच्या पातळ लाल चिखलाला ते लागूही पडतं.

आपली काळी माती निराळी. ती वाहून जात नाही. गवत, काडीकचरा धरून बुटाच्या क्लीटच्या खाचेत ठासून बसते आणि वाळली की विटेसारखी होते. खाच बुटात आहे, पेडलमध्ये नाही, त्यामुळे पेडल कितीही उघडं असलं तरी अडचण थोडीच कमी होते. काळ्या मातीत बुटाची निवड पेडलपेक्षा जास्त कामाची. क्लीटच्या पुढेमागे मोकळी, उतरती जागा असलेला सोल घ्या. चारही बाजूंनी बंद चौकोनी खड्डा असलेला सोल टाळा. निघण्याआधी कोरड्या खाचेत सिलिकॉन स्प्रे मारून वाळू दिला तर सुरुवातीची माती धरत नाही. नंतर मात्र काडीने खरवडणं आलंच. बूट झटकायचा तर पेडलच्या बाहेरच्या कडेवर झटका, यंत्रणेवर नको.

आणि जोराच्या पावसानंतर पहिले दोन दिवस काळ्या रानातल्या पांदणीत सायकल नेऊच नये. मातीने चाक फोर्कमध्ये अडकतं ते वेगळं, पण आपल्या चाकांनी पडलेल्या चऱ्या वाळून तशाच राहतात आणि बैलगाडीला, ट्रॅक्टरला त्रास होतो. ती वाट शेतकऱ्याची आहे. त्या दोन दिवसांत मुरमाचा माळ धरा, तिथे पाणी निथळून जातं.

म्हणजे उरलं काय? वर्षातले बरेच महिने फुफाटा, मुरूम आणि बेसाल्टचे दगड. इथे पारडं फिरतं. क्रँकब्रदर्सची क्लीट पितळेची, एसपीडीची पोलादाची. सायकल ढकलत दगडावर चाललं की पितळ लवकर झिजतं, कडा गोल होतात आणि पाय नको तेव्हा सुटायला लागतो. त्या पेडलला स्प्रिंगचं टेन्शन, म्हणजे पकडीचा घट्टपणा, कमी-जास्त करण्याची सोयही नाही. सुटण्याचा कोन मात्र बदलता येतो: डाव्या-उजव्या बुटाच्या क्लीट अदलाबदल केल्या की १५ अंशांचा २० होतो, किंवा उलट. आत बुश आणि कार्ट्रिज बेअरिंग असतं, धुळीच्या प्रदेशात ते वेळच्या वेळी उघडून ग्रीस करावं लागतं. शिमानोचे कप-कोन-गोळ्यांचे बेअरिंग हयगय जास्त सोसतात.

माझं मत: बीडच्या मुरमासाठी एम८१२०. तुमचे बूट फारच मऊ असतील आणि बदलायचे नसतील, तरच मॅलेट ई, आणि त्याबरोबर क्लीटची एक जादा जोडी घरात ठेवायची.

गोदाकाठ_सिंगलट्रॅक

ईएच५०० बद्दल कुणी बोललं नाही. रोज त्याच सायकलवर चपला घालून बाजारात जायचं आणि रविवारी क्लीट, असं असेल तर ते चांगलं आहे. सपाट बाजूला पिना आहेत, दुसऱ्या बाजूला एसपीडी. पण दगडातून चढ सुरू करताना नेमकी कोणती बाजू वर येईल याचा भरवसा नाही, खाली बघून पेडल उलटवावं लागतं आणि तुमची अडचण तर नेमकी तिथेच आहे. तुमच्यासाठी ते नको.

आणि दुकानदाराने तीन बोल्टची क्लीट दाखवली तर घेऊ नका. ती रोड सायकलची, एसपीडी-एसएल. डोंगरात लागते ती दोन बोल्टची. नावं सारखी असल्याने गल्लत होते.

मुरूमवाट_बीड

ताई, दादा, लई उपयोग झाला. कागद लावून बघितलं. आतल्या बाजूला अडला, बाहेरच्या बाजूला आणि पुढे सरळ निघून आला. क्लीटखाली १ मिमीचा स्पेसर आहे. सोलचे बाहेरच्या बाजूचे गट्टे झिजलेत, आतल्यांपेक्षा डोळ्यांनी दिसण्याइतके खाली गेलेत. क्लीट हलवली तर बुटावर घट्ट आहे, पण पेडलमध्ये पाय डावी-उजवीकडे बराच डुलतो. आता पेडल घ्यायचं की बूट? आणि नवीन बसवताना कोणत्या क्रमाने काय करायचं?

लेणीरोड_२९

बूट आधी. बाहेरचे गट्टे झिजलेत म्हणजे पाऊल बाहेर कलतं, आणि कितीही रुंद पेडल आणलं तरी त्या बाजूला टेकायला रबरच नाही. स्पेसर आजच काढून बघा, तेवढ्याने थोडा फरक पडेल, पण तिरकेपणा जाणार नाही. नवीन बूट घेताना दोन्ही हातांनी मधून वाकवून बघा. चवड्याच्या मागे, जिथे क्लीट बसते, तिथे वाकायला नको. बोटांपाशी थोडा वाकला तर चालतो, चालायला बरं पडतं. सोल पुरेसा कडक असला की कदाचित एम५२० वरही आग थांबेल. मग पेडल फक्त पाय सटकण्यासाठी बदलायचं, आणि त्याला घाई नाही. दुकानात शक्य असेल तर क्लीट लावून, पेडलवर ठेवून, कागद सरकवूनच बूट घ्या. रुंद पाऊल असल्याने संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात.

डुलण्याचं कारण क्लीटची झीज. एसपीडीत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, पण जोराने पेडल वर ओढताना पाय सुटतो किंवा सोडवायला पूर्वीपेक्षा जास्त टाच फिरवावी लागते, तर क्लीट बदलायची वेळ झाली. शिमानोचे नेहमीचे प्रकार दोन. एसएच५१ काळी, फक्त बाजूला फिरवून सुटते. एसएच५६ चंदेरी, वेगवेगळ्या दिशांनी सुटते, जोरात वर ओढलं तरीही. नवख्याला ५६ बरी. खडबडीत उतारावर मात्र ती नको तेव्हा सुटू शकते, म्हणून तुम्ही ५१ च घ्या. दुसऱ्या कंपनीचं एसपीडीसारखं पेडल असेल तर त्याच्या डब्यात आलेलीच क्लीट वापरा. मापात बारीक फरक असतो आणि तो सोडवताना कळतो.

आता बसवणं.

पाय बुटात घाला आणि अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताने शोधा. बाहेर खडूने खूण करा. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूलाही तसंच. दोन्ही खुणा सोलवर रेषेने जोडा. क्लीटचा मध्य या रेषेवर किंवा तिच्या ५ ते १० मिमी मागे ठेवा. तुमच्या वाटांसाठी मागेच बरा: उतारावर उभं राहताना पाऊल स्थिर राहतं, पोटरीवरचा ताण कमी होतो, आणि चवड्याची आगही बऱ्याचदा याने कमी होते.

कोनासाठी टेबलावर बसून पाय मोकळे लोंबू द्या. पावलं आपोआप ज्या दिशेला वळतात तोच तुमचा कोन. क्लीट तशी फिरवा की तो कोन मोकळीकीच्या मधोमध येईल. दोन पायांचे कोन वेगळे असू शकतात, बळेच सारखे करू नका. नंतर गुडघ्याच्या आत किंवा बाहेर दुखलं तर हा कोन २ अंशांनी बदलून बघा. पुढे दुखलं तर क्लीटला हात लावण्याआधी सीटची उंची तपासा.

क्लीटचे बोल्ट ४ मिमी ॲलन कीचे. आट्यांना ग्रीस, मग दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे घट्ट, शेवटी ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर कीच्या टोकाला धरून हाताने जोर द्या, पाइप लावू नका. पहिल्या दोन राइडनंतर पुन्हा घट्ट करा, कारण क्लीटचे दात सोलमध्ये रुतून बसतात आणि बोल्ट सैल पडतो.

पेडलच्या आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. साधी खूण: एक्सलचा वरचा भाग सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं घट्ट होतात. ३५ ते ४० न्यूटन मीटर. एम८१२० ला बाहेरून १५ चा पाना लागत नाही, क्रँकच्या मागून ८ मिमी ॲलन की लागते. ती बॅगेत ठेवा, बहुतेक छोट्या मल्टीटूलमध्ये ८ ची नसते.

टेन्शनचे स्क्रू ३ मिमीचे, दोन्ही पेडलं मिळून चार. चारही सारख्याच ठिकाणी हवेत. आधी वजा खुणेकडे पूर्ण सैल करा, पण स्क्रू बाहेर निघेपर्यंत फिरवू नका. मग क्लिक मोजत चारही सारखे आवळा. गवतावर किंवा भिंतीपाशी प्रत्येक पाय वीसेक वेळा घालून-काढून बघा. दगडात पाय सुटत असेल तरच एकेक क्लिक वाढवा.

काळीमाती_परभणी

देखभालीचं थोडं. फुफाट्यात ओलं तेल वापरू नका, पंजा आणि स्प्रिंगवर धूळ चिकटून रेती-पेस्ट होते आणि तीच झिजवते. चेनला वापरता तो ड्राय ल्यूब पंजाच्या टेकणाऱ्या जागेवर थेंबभर, मग पुसून टाका. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाण्याचा झोत एक्सलच्या तोंडावर कधीच मारू नका, सील ओलांडून पाणी आत जातं. पेडल हाताने फिरवल्यावर खरखर लागली किंवा एक्सल वरखाली हलला तर लगेच उघडून ग्रीस करा. एम५२० उघडायला टीएल-पीडी४० नावाचं प्लास्टिकचं टूल लागतं. त्यावर घट्ट करण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच फिरवा, कारण एका पेडलला दिशा उलटी आहे आणि चुकीकडे जोर लावला की तोंड तडकतं.

क्लीट बोल्टच्या षटकोनात काळी माती वाळली तर ॲलन की पूर्ण आत जात नाही, आणि अर्धवट बसलेली की बोल्टचे कोन खाऊन टाकते. आधी बाभळीच्या काट्याने किंवा सुईने ती माती काढा, थेंबभर तेल सोडा, मगच की लावा. कोन गेलेच असतील तर टी२५ टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा, बहुतेक निघतो.

गोदाकाठ_सिंगलट्रॅक

बॅगेत क्लीटचा एक जादा बोल्ट ठेवाच. दोनपैकी एक बोल्ट पडला तर उरलेल्या बोल्टभोवती क्लीट गरगर फिरते. टाच कितीही फिरवली तरी पेडल सोडत नाही, आणि हे कळतं ते नेमकं थांबताना. तसं झालं तर पाय ओढत बसू नका. वेग असेपर्यंत दुसरा पाय काढा, त्या बाजूला कलून थांबा, बुटाचे पट्टे सोडून पाऊल बाहेर काढा. मग सायकल आडवी करून सपाट स्क्रूड्रायव्हरने मागचा पंजा मागे ढकला आणि बूट वेगळा करा. टेन्शन सैल करून घेतलं तर काम सोपं होतं, म्हणून ३ मिमीची की वरच्याच कप्प्यात ठेवा.